कमळगड अंगावर का येत होता

डिसेंबरातल्या एका सकाळी काका कॅनव्हास वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या वाईच्या चित्रकलेच्या वर्गात आले. कागद सोडवला, चित्र भिंतीला टेकवलं आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसले. म्हणाले, "सर, सहा महिने झाले. सगळं रंगवून झालंय, पण डोंगर लांब जात नाही. अंगावर येतोय."

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढे. त्यांच्या परवानगीने हे लिहितोय, नाव मात्र देत नाही. चित्र १८ × २४ इंचाचं, तैलरंगातलं त्यांचं पहिलंच मोठं काम. विषय पाचगणीच्या पारसी पॉइंटवरून उत्तरेकडे दिसणारा देखावा. खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पसरलेलं पाणी, पाण्यापलीकडे कमळगड, त्याच्या मागे वाळकी नदीचं झाकलेलं खोरं आणि सगळ्यात शेवटी रायरेश्वराचं लांबच लांब पठार, त्याच्या उजव्या अंगाला केंजळगडाचा उभा कातळ.

काकांच्या घरची जुनी जमीन धोमच्या पाण्याखाली गेली आहे. लहानपण कमळगडाच्या पायथ्याला गेलं. गुरं घेऊन ते त्या सोंडेवर चढलेत, करवंदं खाल्लीत, गेरूच्या विहिरीत उतरून तांबडे होऊन घरी गेलेत. हे आधीच सांगतोय, कारण चित्रात जे बिघडलं होतं त्यातलं निम्मं या ओळखीतूनच आलं होतं. ते ध्यानात यायला मला दोन महिने लागले.

चित्रात काय दिसलं

एखादं चित्र तपासायला आलं की मी आधी दहा-बारा फूट मागे जातो आणि डोळे बारीक करतो. बारीक डोळ्यांना रंग कमी दिसतो, उजेड आणि अंधार उरतात. मग मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला आणि काकांच्या हातात दिला. ते बराच वेळ बघत राहिले. कृष्णधवल फोटोत कमळगड आणि पायाशी असलेली कारवीची झुडपं एकाच काळ्या रंगाची झाली होती. कुठलं जवळचं आणि कुठलं पाण्यापलीकडचं, ते कळायला काही मार्गच नव्हता.

मी वर्गात उजेडाच्या दहा पायऱ्या वापरतो. पहिली पायरी कोरा पांढरा, दहावी काळा. काकांच्या चित्रात कारवीची सावली आठव्या पायरीवर होती आणि कमळगडाच्या घळीही आठव्याच पायरीवर. रायरेश्वर सहाव्यावर, गर्द निळा. आकाश दुसऱ्यावर. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीवर चित्रात जवळजवळ काहीच नव्हतं. आणि लांबचा डोंगर राहतो तो याच तीन पायऱ्यांवर.

दुसरी गोष्ट आकाराची. रायरेश्वराचं पठार मैलोन्‌मैल सपाट आहे. काकांनी त्याला तीन टोकं दिली होती. असं का केलं विचारलं तर म्हणाले, "डोंगर म्हटल्यावर हात तसाच फिरतो." हात तसाच फिरतो हे अगदी खरं आहे. शाळेच्या चित्रकलेच्या वहीत आपण सगळ्यांनी तोच देखावा काढलाय: दोन त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेलं मूलसुद्धा खिडकीबाहेर सपाट माथ्याचा डोंगर दिसत असताना वहीत त्रिकोणच काढतं. भर म्हणून काकांनी समोर नमुना ठेवला होता रशियन चित्रकार निकोलस रोरिकच्या हिमालयाच्या एका छापील चित्राचा. रोरिकने कुलू खोऱ्यात राहून रंगवलेली शिखरं मलाही फार आवडतात. पण ती बहुतेक टेम्पेरामध्ये आहेत. तो रंग भराभर वाळतो, चकाकत नाही, सपाट निळ्याजवळ सपाट जांभळा जसाच्या तसा बसतो. तैलरंगाचा स्वभाव वेगळा. आणि हिमालय हा दुमडून वर आलेला पर्वत, आपला डोंगर थरावर थर बसून झालेला.

तिसरी गोष्ट तपशिलांची. कमळगडाच्या उतारावर काकांनी झाडांचे पुंजके, दोन पायवाटा आणि एक धनगरवाड्याचं छप्पर रंगवलं होतं. "हे पारसी पॉइंटवरून दिसतं?" मी विचारलं. "दिसत नाही. पण आहे ना, सर."

मी दिलेली सूचना

इथे माझा वाटा सांगितला पाहिजे. जुलै महिन्यात काकांनी मला या चित्राचा फोटो पाठवला होता. तेव्हा ते वर्गाला येत नव्हते. घाईत मी एवढंच उत्तर दिलं, "मागचं निळं करा." आपल्याकडे निसर्गचित्र शिकवताना हे वाक्य सर्रास वापरलं जातं. ते खोटं नाही. लिओनार्दो दा विंचीनेही लांबची वस्तू अधिक निळी रंगवायला सांगितलं आहे. पण काकांनी ते ऐकून अल्ट्रामरीनची ट्यूब रायरेश्वरावर रिकामी केली आणि क्षितिजावर निळी भिंत उभी राहिली. पूर्वी कमळगड एकटाच अंगावर येत होता, आता रायरेश्वरही यायला लागला.

निळेपणा कुठून येतो ते समजून घेतलं असतं तर हे टळलं असतं. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये हवा आहे. हवेतले कण उन्हातला निळा प्रकाश चहूकडे विखुरतात आणि त्यातला काही आपल्या डोळ्यांत येतो. म्हणजे डोंगराच्या पुढ्यात उजेडाचा एक पातळ पडदा लोंबत असतो. हा पडदा काळ्यावर चटकन दिसतो, पांढऱ्यावर फारसा दिसत नाही. म्हणून अंतर वाढत गेलं की आधी सावल्या फिकट होतात, निळसर होतात. उन्हातला भाग त्या मानाने कमी बदलतो. लांबच्या रांगेत ऊन आणि सावली एकमेकांच्या इतकी जवळ येतात की मध्ये जेमतेम एका पायरीचा फरक उरतो. निळा रंग हा या सगळ्याचा शेवटचा परिणाम. आधी सावली उचलायची, मग तिचा रंग बघायचा. मी काकांना शेवटची गोष्ट पहिल्यांदा सांगितली होती.

त्यात जलरंगाच्या सवयीचीही भर पडली. काकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, पुढे अनेक वर्षं हौसेने जलरंगात काम केलेलं. जलरंगात फिकट हवं असेल तर पाणी वाढवायचं, पांढरा कागदाचा. तैलरंगात पांढराही ट्यूबमधूनच घ्यायचा असतो. काकांना पांढरा मिसळायची भीती होती, कारण एकदा मिसळला तेव्हा सगळं खडूसारखं झालं होतं. ते होणारच. टायटॅनियम व्हाइट कुठल्याही रंगाला थंड आणि निस्तेज करतो. पांढरा वाढवला की सोबत चिमूटभर ऊबदार रंग परत द्यावा लागतो, मग तो यलो ऑकर असो की बर्न्ट सिएना. पण भीतीपोटी ते टर्पेंटाइनने रंग पातळ करत राहिले, गडद तो गडदच राहिला आणि खालून कॅनव्हासची वीण दिसायला लागली.

पारसी पॉइंटवर

जानेवारीत आम्ही पसरणी घाटातून पहिल्या एसटीने वर गेलो. पहिल्या दिवशी रंगपेटी उघडायची नाही असं ठरलं होतं. बरोबर एक पाण्याची बाटली, एक पोस्टकार्ड आणि स्केचबुक.

बाटली अर्धी भरलेली. ती डोळ्यांसमोर अशी धरायची की पाण्याची पातळी काठासारखी एकच रेघ दिसेल, वरचा पृष्ठभाग दिसू नये. ती रेघ म्हणजे आपल्या डोळ्याची पातळी, चित्रातली क्षितिजरेषा. काकांनी बाटली धरली, एक डोळा मिटला आणि तसेच उभे राहिले. पाण्याची रेघ कमळगडाच्या माथ्याला जवळपास टेकली होती. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. पारसी पॉइंटवर उभा राहिलेला माणूस त्या गडांच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. कमळगड, रायरेश्वर, केंजळगड, सगळ्यांचे माथे त्याच्या डोळ्यांसमोर येतात आणि बाकीचा डोंगर नजरेच्या खाली उतरत जातो.

घरी असलेल्या चित्रात कमळगडाचा माथा क्षितिजरेषेच्या पाच बोटं वर होता. काकांनी बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "मी तो खालून काढलाय." तेच झालं होतं. पायथ्याच्या वस्तीतून मान वर करून पाहिलेला डोंगर त्यांनी वरून दिसणाऱ्या पाण्याच्या मागे नेऊन ठेवला होता. चित्रातलं पाणी एका जागेवरून पाहिलेलं, डोंगर पन्नास वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या जागेवरून. रंगात कितीही सुधारणा केली असती तरी तो अंगावर आलाच असता. चूक हातात असते असं आपण धरून चालतो म्हणून मी आधी रंगातच शोधत बसलो होतो. ती उभं राहण्याच्या जागेत निघाली.

पोस्टकार्डाला मध्ये पंचने भोक पाडलेलं होतं. हात लांब करून त्या भोकातून डोंगराचा छोटा तुकडा बघायचा. आजूबाजूचा देखावा झाकला गेला की तो तुकडा कुठल्या डोंगराचा आहे हे मन विसरतं आणि डोळा त्याचा खरा उजेड बघू शकतो. रायरेश्वराच्या सावलीतली घळ भोकातून पाहिल्यावर काका पुटपुटले, "ही तर राखेसारखी दिसतेय." दुसऱ्या दिवशी रंग नेले तेव्हा हेच कार्ड आम्ही मोजमापाला वापरलं. पॅलेटवर तयार केलेल्या रंगाचा ठिपका भोकाच्या कडेला लावायचा आणि भोकातल्या डोंगराशी ताडून बघायचा. ठिपका गडद निघाला की पांढरा, फार निळा निघाला की थोडा सिएना. टपालात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हातात ते कार्ड फार शोभून दिसत होतं.

उजेडाबद्दलही तिथेच बोलणं झालं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो. पारसी पॉइंटवरून उत्तरेला तोंड केलं की दुपारी सूर्य पाठीशी येतो आणि समोरच्या डोंगरावर सरसकट ऊन पडतं. सावल्या उरत नाहीत, घळी बुजतात, डोंगर कापलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसतात. काकांनी पहिल्या चित्रासाठीचे फोटो दुपारी बाराच्या सुमाराला काढले होते, कारण तेव्हा "स्वच्छ दिसतं". चित्रासाठी सकाळी आठ ते दहा हवं. ऊन उजवीकडून येतं, प्रत्येक सोंडेची पूर्वेची बाजू उजळते, पश्चिमेची सावलीत राहते, आणि धोमच्या पाण्यावर रात्रीचं धुकं अजून तरंगत असतं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून दोन तासांपुढे एकाच कॅनव्हासवर बसू नये. सावल्या धावतात आणि आपण त्यांच्यामागे धावत अर्धं चित्र आठचं, अर्धं दहाचं करून बसतो. राहिलेलं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला.

वाऱ्याचं सांगायलाच हवं. त्या कड्यावर इझल उभा राहत नाही. खाली दगड भरलेली पिशवी टांगली तेव्हा तो थांबला.

डोंगर कसा बसलाय

तिसऱ्या सकाळी नुसतं रेखांकन केलं, आणि मला वाटतं काकांच्या शिकण्यातली ती सगळ्यात महत्त्वाची सकाळ. मी त्यांना डोंगराची बाह्यरेषा काढू नका म्हणालो. फक्त आडवे पट्टे काढा.

सह्याद्रीचा हा भाग दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. थरावर थर. त्यातला घट्ट बसाल्टचा थर झिजायला कठीण, तो उभा कडा होऊन राहतो. मधला भुसभुशीत थर झिजून उतार होतो, त्यावर माती टिकते, गवत येतं, झाडी वाढते. कडा, उतार, कडा, उतार, असा जिना. या खडकाला भूशास्त्रात ट्रॅप म्हणतात, तो शब्दही स्वीडिशमधल्या जिन्यावरूनच आलाय. माथ्यावर शेवटचा कठीण थर टोपीसारखा उरतो, म्हणून केंजळगड तसा दिसतो, म्हणून रायरेश्वर सपाट. पाचगणीच्या टेबललँडवर जांभ्याचं कवच आहे.

चित्रकाराला यातून दोन गोष्टी हाताशी मिळतात. एक म्हणजे ब्रशची दिशा. कड्याला डुकराच्या राठ केसांचा चपटा ब्रश (हॉग हेअर) आडवा ओढून मग खाली छोटे उभे फटकारे. उताराला ब्रश तिरका, पाणी जसं उतरेल तसा. काका सगळीकडे एकाच दिशेने वरून खाली ब्रश मारत होते, त्यामुळे डोंगराला अंग नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे उजेडाचा नियम. सकाळच्या उन्हात उतारावरचं वाळलेलं गवत उजळतं, कडा त्याच उन्हात एक-दोन पायऱ्या गडद राहतो, कारण खडकच काळा आहे. म्हणजे डोंगरावर दिसणारा प्रत्येक गडद पट्टा सावली नसतो. काका गडद दिसलं की सावली समजून तिथे निळा भरत होते. उन्हातला कडा तांबूस करडा असतो. तो निळा केला की डोंगराचा कणाच जातो.

पट्टे काढून झाल्यावर बाह्यरेषा आपोआप सपाट आली. तीन टोकं परत दिसली नाहीत.

पहिल्या चित्राचं तेल

मध्ये फेब्रुवारीत आम्ही पहिला कॅनव्हास पुन्हा काढला. त्याच्या अंगाला आणखी दुखणी होती आणि ती रंगसाहित्याची होती.

काकांनी तो जूनमध्ये सुरू केला. वाईचा पावसाळा तुम्हाला माहीत असेल. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट पापुद्रा धरतं. उजेड, ऊब आणि खेळती हवा असेल तर पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो. कोंदट, अंधाऱ्या, दमट खोलीत तेच काम आठवड्यांवर जातं. शिवाय काकांनी रंग सरसरीत व्हावा म्हणून प्रत्येक थरात भरपूर तेल घातलं होतं, तेही बाजारातलं खाण्याचं जवस तेल. ते शुद्ध केलेलं नसतं, सावकाश वाळतं, जास्त पिवळं पडतं. पुढची झुडपं आयव्हरी ब्लॅक आणि तेलाच्या जाड थरात होती. आयव्हरी ब्लॅक मुळात सगळ्यात सावकाश वाळणाऱ्या रंगांपैकी एक. वर टर्पेंटाइनने पातळ केलेला हिरवा. वरचा थर आधी आखडून वाळला, खालचा आतून हलत राहिला, आणि डिसेंबरपर्यंत झुडपांवर नदीकाठच्या चिखलाला पडतात तशा भेगा पडल्या.

नियम सोपा आहे: खाली कमी तेल, वर जास्त. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, दुसरा ट्यूबमधला जसा आहे तसा, शेवटच्याला हवं तर थोडं तेल. खालच्या थराला बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग असेल तर फारच बरं, त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. भेगा पडलेल्या भागावर पुन्हा रंग चढवून उपयोग नसतो. तो भाग खरडून काढावा लागतो, आणि आम्ही तसंच केलं.

आकाश मात्र वाचलं. ते हिरवट पिवळं झालं होतं आणि काकांनी ते गेलंच म्हणून सोडून दिलं होतं. चित्र चार महिने कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, पण उजेडात आणलं की त्यातला बराचसा पिवळेपणा उतरतो. मी कॅनव्हास खिडकीत ठेवायला सांगितला, थेट उन्हात नाही, फक्त भरपूर उजेडात. तीन आठवड्यांनी आकाश जवळजवळ पूर्वीसारखं झालं. काका रोज सकाळी बघायचे आणि मला फोन करायचे.

तेल चर्चेला आलंच आहे तर एक सुरक्षेची गोष्ट. जवसाच्या तेलाचे चिंधे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेला चिंधा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. मी हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.

दुसरा कॅनव्हास

मार्चमध्ये नवीन कॅनव्हास घेतला, तोच आकार. जेसोच्या, म्हणजे पांढऱ्या अस्तराच्या, दोन थरांवर बर्न्ट सिएनाचा पातळ हात दिला, म्हणजे कोरा पांढरा डोळ्यांवर येत नाही आणि निळ्याच्या खालून ऊब डोकावते.

पेटीतून काळा आणि सॅप ग्रीन काढून टाकले. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्रिमसन, लेमन यलो आणि टायटॅनियम व्हाइट, एवढेच. अल्ट्रामरीन आणि सिएना मिसळले की ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत गडद मिळतो, आणि कलवू तसा तो थंड किंवा ऊबदार होतो. या एका गडदाचे आम्ही पॅलेट नाइफने पाच ढीग केले. पहिल्यात बहुतेक पांढरा, त्यात त्या गडदाचा एक ठिपका आणि क्रिमसनचा स्पर्श: रायरेश्वराची सावली, चौथी पायरी. त्यातच थोडा ऑकर आणि पांढरा मिसळून त्याच पठारावरचं ऊन, तिसरी. पुढचा ढीग कमळगडाच्या सावलीचा, सहावी. मग पाण्याअलीकडचा उतार. शेवटचा ढीग पांढऱ्याशिवाय, फक्त पायाजवळच्या कारवीच्या मुळाशी आणि दगडांच्या फटीत वापरायचा, नववी. ही नववी पायरी कमळगडावर न्यायची नाही, हा आमचा करार.

ब्रश हातात घेण्याआधी ढीग तयार हवेत. रंगवता रंगवता मिसळायला गेलं की प्रत्येक नवा रंग आधीच्याला बिलगतो आणि तासाभरात सगळं चिखलाचं होतं.

रंगवणं मागून पुढे. आधी आकाश, क्षितिजाजवळ फिकट आणि किंचित पिवळसर, कारण तिथे आपण सगळ्यात जाड हवेतून बघत असतो. आकाश ओलं असतानाच रायरेश्वराची कड लावली, म्हणजे ती दोन्ही रंगांत मिसळून मऊ होते. कमळगडाची कड त्या मानाने थोडी स्पष्ट. पुढची झुडपं सर्वांत स्पष्ट, तीही सगळीकडे नाहीत.

इथे काका अडले. कमळगडाच्या उतारावर त्यांनी पुन्हा पायवाट काढली. छोट्या ब्रशने, फार प्रेमाने. मी काही बोललो नाही. त्यांनीच पोस्टकार्ड काढून बघितलं, फोटोत बघितलं आणि म्हणाले, "दिसत नाही. पण मी काढली नाही तर कोण काढणार?" या प्रश्नाला चित्रकलेच्या वर्गात उत्तर नाही, आणि मी तो हसून उडवून लावू शकलो नाही. मी एवढंच सुचवलं की वाटेसाठी वेगळा कॅनव्हास घ्या, पायथ्याशी उभे राहा आणि तिथून ती रंगवा. तिथून डोंगर तुमच्या अंगावर आलाच पाहिजे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथला कोटीतीर्थ तलाव पुन्हा पुन्हा रंगवला, फ्रेंच चित्रकार सेझानने सेंट व्हिक्टॉयर डोंगर आयुष्याच्या शेवटापर्यंत सोडला नाही. एका डोंगराची सगळी चित्रं एका कॅनव्हासवर करायची नसतात.

पायवाट पुसली गेली. तिच्या बदल्यात एक गोष्ट मी त्यांना करू दिली. कमळगडावरच्या त्या विहिरीच्या भिंती गेरूच्या आहेत, पायऱ्या उतरत गेलं की चारी बाजूंनी तांबडं. काकांना तो तांबडा चित्रात हवा होता. गडावरची माती खरवडून आणू नये, म्हणून आम्ही बाजारातून तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू आणला, काचेवर चांगल्या जवस तेलात पुष्कळ वेळ घोटला. गेरू म्हणजे लोहाची माती, उजेडाने उडत नाही. तो पुढच्या तांबड्या जमिनीत वापरला आणि त्याचा एक कण, अगदी कण, कमळगडाच्या उन्हातल्या कड्याच्या करड्यात मिसळला. वेगळा दिसत नाही. पण कडा निळा राहिला नाही.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. काकांना ते गडद निळं हवं होतं. सकाळी वरून पाहिलं तर ते पाणी निळं नसतं. आकाशाचा खालचा फिकट भाग त्यात पडलेला असतो आणि वर धुक्याची साय. तिसरी पायरी, कडेला किंचित गडद. त्यांनी पोस्टकार्डाने तीन वेळा मोजलं. मग पांढऱ्यात ऑकर आणि अगदी थोडा निळा घालून, नाइफच्या पात्याने, एका आडव्या ओढीत पाणी टाकलं आणि त्याला पुन्हा हात लावला नाही. जमीन नक्की कुठे होती ते त्यांनी मला कॅनव्हासच्या वर बोट धरून दाखवलं, रंगाला न टेकवता.

एप्रिलच्या शेवटी चित्र वाळलं. कृष्णधवल फोटोत आता चार पट्टे वेगळे दिसतात. दोष आहेत: मधला उतार ढिसाळ, उजवीकडचं केंजळगड थोडं रुंद. व्हार्निश सहा महिन्यांनी, आत्ता नाही.

जूनच्या पहिल्या पावसाआधी काका एकटेच खाली पायथ्याला जाऊन ९ × १२ इंचाच्या बोर्डावर काम करून आले. वर्गात आणून टेबलावर ठेवलं. कमळगड अर्ध्याहून जास्त चित्र व्यापून उभा, कड्याचे पट्टे आडवे, वाट चढत गेलेली. मागे एका कोपऱ्यात रायरेश्वराचा तुकडा दिसत होता. मी तो बघत असतानाच काकांनी माझ्या पॅलेटवरचा नाइफ उचलला, "एक पायरी गडद झालाय," म्हणाले, आणि ओला रंग खरडून काढला.